पिठलं-भाताची व्यवस्था झाली आहे

आई, तुम्ही गेलात त्या दिवशी आपल्या घरी पिठलं-भात आला नाही.

हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत सांगणार होते, पण तिथे सबनीसांनी माइक सोडला नाही आणि अविनाशने माझं मनगट धरून ठेवलं होतं. उद्या तुमचा तेरावा. घरात माणसं असतील, सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलतील आणि सून म्हणून मलाही डोळ्याला पदर लावून तसंच बोलावं लागेल. म्हणून आज बोलून घेते. इतकी वर्षं एका ओट्याशी उभं राहून आपण भांडलो. तुम्ही आता फोटोत जाऊन बसलात म्हणून मी आवाज खाली करणार नाही.

ज्या घरातलं माणूस जातं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. पोचवायला गेलेले परत येतात, अंघोळी होतात, आणि शेजारचं किंवा नात्यातलं कुणीतरी पिठलं-भात घेऊन येतं. कडू घास. तिकडे महाराष्ट्रात ह्याची कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. आळीत चार घरं असतात, कुणीतरी करतंच. दिल्लीत ती चार घरं एका जागी नसतात. एक मुनिरक्यात, एक द्वारकेत, एक पार फरीदाबादला. वाईहून लग्न होऊन तुम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलात आणि बघता बघता त्या चारही घरांचं काम एकटीने अंगावर घेतलंत. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आपण गाझियाबादला फ्लॅट घेतला, बाबा गेले, तरी तुमचं चालूच. कुठल्याही मराठी घरात मयत झालं की तुमचा कुकर निघायचा. तुमचं गाव कुठलं असं कुणी विचारलं तर तुम्ही वाई म्हणायचा नाहीत. लक्ष्मीबाई नगर, म्हणायचात. तिथली जुनी क्वार्टरं पाडून उंच इमारती उभ्या राहिल्या तरी तुमचं गाव तेच.

भात कुकरमध्ये शिजवायचा आणि कुकरसकटच न्यायचा, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून, म्हणजे पोचेपर्यंत गरम राहतो. पिठलं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. शिटी काढून पर्समध्ये. वैशालीच्या मेट्रो स्टेशनवर तपासणीच्या यंत्रातून तुमची चादर गेली आणि पलीकडे गोंधळ उडाला तो दिवस मला आठवतो. मी कपाळाला हात लावून उभी. ती वर्दीतली मुलगी म्हणाली, "माताजी, ये क्या ले जा रहे हो?" तुम्ही शांतपणे झाकण उघडून दाखवलंत. "भात है, बेटा. एक घर में गमी हो गई है, उधर ले जा रही हूँ." तिने वाफेत तोंड घालून पाहिलं. "अच्छा. और इसकी सीटी?" तुम्ही पर्समधून शिटी काढून तिच्या हातावर ठेवलीत. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "रिश्तेदार थे, माताजी?" तुम्ही म्हणालात, "नहीं, अपने लोग हैं."

त्या अपने लोगांचं आडनावसुद्धा तुम्हाला धड माहीत नव्हतं. मेट्रोत बसल्यावर तुम्ही मला विचारलंत, "अगं, काळे की काळेले?"

तर हे अपने लोग. तुम्ही सकाळी गेलात. चहा अर्धा राहिला होता. डॉक्टर येऊन गेले, अविनाश खुर्चीत बसून राहिला, मी फोन करत सुटले. तासाभरात तुमचा फोन वाजला. तुमचाच, उशाशी चार्जिंगला लावलेला. मंडळाच्या ग्रुपवर सबनीसांचा मेसेज होता. ते मंडळाचे सेक्रेटरी, सगळ्या बातम्या त्यांच्याकडूनच जातात. "भावपूर्ण श्रद्धांजली. आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ सदस्या श्रीमती सुलभाताई पेंढारकर यांचे आज सकाळी दुःखद निधन झाले. अंत्यविधी दुपारी, हिंडन घाट. पिठलं-भाताची व्यवस्था झाली आहे." खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. तुमच्या मरणाची बातमी तुमच्या फोनवर टुणटुण करत येत होती आणि मला तेवढ्यातही बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी करतंय. आज आपल्याला बघायला नको.

घाटावर खूप माणसं आली होती. तुम्ही बघायला हवं होतंत. गुरगावहून आली, नोएडाहून आली. ज्यांच्या घरी तुमचा कुकर गेला होता ती सगळी. प्रत्येकजण अविनाशचा खांदा दाबून सांगत होता, काकू आमच्याकडे आल्या होत्या, आमचे वडील गेले तेव्हा, आमची ताई गेली तेव्हा. आणि मग सगळी पार्किंगकडे गेली.

आम्ही घरी आलो. अंघोळी झाल्या. चटईवर बसलो. मी, अविनाश आणि मुनिरक्याहून आलेली आपली लेक ऋचा. दार उघडंच ठेवलं होतं. लिफ्ट वाजली की तिघंही तिकडे बघायचो. लिफ्टमधून कधी कुरियरवाला निघाला, कधी वरच्या मजल्यावरचा कुत्रा. शेवटी समोरच्या त्यागी भाभी आल्या, हातात झाकलेलं ताट. रोटी आणि आलू-टमाटर. "हमारे यहाँ इसको कड़वी रोटी कहते हैं," त्या हळूच म्हणाल्या. "जो बन पड़ा, ले आई." त्यांना तुमचं नाव माताजी ह्यापलीकडे माहीत नाही. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

अविनाशने ताटाकडे पाहिलं. मग दाराकडे. एवढा मोठा माणूस, डोक्याचा गोटा केलेला, मला म्हणाला, "पिठलं कुणी आणलं नाही?"

"येईल," मी म्हटलं. "रस्त्यात जॅम असेल."

त्याने अर्धी रोटी खाल्ली आणि उठला. ऋचा फोन घेऊन खिडकीत गेली. "मम्मा, मी ऑर्डर करू का यार? पण पिठला टाकलं ना, तर बेसन का चीला येतंय." तिला रडूही येत होतं आणि चीडही. भाभींनी ऐकलं, म्हणाल्या, "आप बता दो कैसे बनता है, मैं अभी बना देती हूँ." मी नको म्हटलं. सांगायला काय, पाच मिनिटांचं काम. पण तुमचा तो नियम. कडू घास मागायचा नसतो. मागून आणला तर ते नुसतं जेवण, असं तुम्हीच म्हणायचात. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला भूक लागली हे सांगायची लाज वाटते, म्हणून दुसऱ्याने ते न सांगता ओळखायचं. किती घरांमधली लाज तुम्ही अशी राखलीत. आणि तुमच्या मुलाला त्या दिवशी तोंड उघडून विचारावं लागलं.

आता मला सांगा, चूक कुणाची? त्यांची आहेच, त्यावर येते. पण तुमचीही आहे, आणि हे भांडण आपलं अर्धवट राहिलंय.

ह्या फ्लॅटची वास्तुशांत आठवते? हॉलमध्ये होम चाललेला, एका शेगडीवर पुरण शिजतंय आणि सबनीसांचा फोन आला. लक्ष्मीबाई नगरात कुणीतरी गेलं. तुम्ही दुसऱ्या शेगडीवर पिठल्याचं आधण ठेवलंत. नव्या घराच्या पहिल्या दिवशी, त्याच ओट्यावर, पुरणाच्या शेजारी मयताच्या घरचं पिठलं. पुण्याहून माझ्या आत्या आल्या होत्या, त्या स्वयंपाकघरात डोकावून तशाच मागे फिरल्या. मी म्हटलं, "आई, आजचा दिवस कुणा दुसऱ्याला सांगा ना." तुम्ही पिठात हात घालून म्हणालात, "कुणाला सांगू?" मी म्हटलं, "मंडळात एवढ्या बायका आहेत. पाळ्या लावा. ह्या महिन्यात एक, पुढच्या महिन्यात दुसरी." तुम्ही हसलात. "पाळ्या लावल्या तर माणसांनाही पाळीपाळीने जायला सांगावं लागेल," म्हणालात आणि कुकर गुंडाळून चालू पडलात. आरतीला घरची मोठी बाई नाही. लोक विचारत होते, सासूबाई कुठायत? मी काय सांगणार होते?

त्या वेळी मला अपशकुनाचा राग आला होता असं तुम्ही शेवटपर्यंत समजत राहिलात. तो राग नव्हताच. मला राग आला तो तुम्ही कुणालाच हात लावू दिला नाहीत ह्याचा. कुणी म्हणालं, काकू, मी येऊ का मदतीला, तर तुम्ही "अगं, झालंच आहे" म्हणून वाटेला लावायचात. चांगुलपणाही एकटीने करायची तुम्हाला सवय लागली होती. तुमच्या ह्या चांगुलपणाने सगळं मंडळ पांगळं करून ठेवलं. त्यांना वाटायला लागलं की पिठलं-भात नळाच्या पाण्यासारखा आपोआप येतो. आणि एक दिवस टाकीच गेली.

हे तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "बरं बाई, तुझंच खरं," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं असतंत.

पण मग माझे वडील गेले तो दिवसही आठवतो, आणि माझी पंचाईत होते. पुण्याहून फोन आला तेव्हा इथे दाट धुकं होतं, विमानं रद्द. पोचणं शक्यच नव्हतं. तिकडे माझ्या माणसांनी त्यांना पोचवलं आणि मी इथे गाझियाबादच्या खोलीत पलंगावर बसून होते. तुम्ही पिठलं-भात घेऊन आलात. आपल्याच घरात, पण चादरीत गुंडाळलेला कुकर आणि पर्समध्ये शिटी. मुद्दाम खाली जाऊन जिना चढून आला होतात. बेल वाजवलीत. मी दार उघडलं तर तुम्ही. शेगडी समोरच्या भाभींच्या घरची वापरली होतीत, कारण माझं माणूस गेलं म्हणजे आपल्या घरी चूल पेटायची नव्हती. माझ्यासमोर बसलात, एक शब्द बोलला नाहीत. मी किती तरी वेळ भात चिवडत होते. मग चार घास पोटात गेले आणि मी म्हटलं, "मीठ कमी आहे."

तुम्ही पाठ टेकून बसलात. "आता ठीक आहे," म्हणालात.

तेव्हा मला कळलं की तुम्ही इतकी वर्षं मीठ मुद्दाम निम्मं घालत होतात. मला वाटायचं, वयाप्रमाणे हात आखडला. किती वेळा मी मागून टोकलं होतं, आई, अळणी पिठलं घेऊन जाता, लोक आपल्याला नावं ठेवतील. तुम्ही सांगितलंत, "दुःखातलं माणूस गिळतं, जेवत नाही. त्याला चव लागत नाही. ज्या घासाला तो मीठ मागेल त्या घासापासून तो जेवायला लागला असं समजायचं. मग उठायचं आणि घरी यायचं." आणि डबा तसाच ठेवून कधी यायचं नाही, मीठ मागेपर्यंत बसून राहायचं. हे तुम्ही कुणालाही सांगितलं नव्हतंत. मला त्या दिवशी सांगितलंत. मी आभार मानले नाहीत. म्हटलं, "मग मीठ द्या ना."

तुमचा मुलगा तुम्ही गेल्यापासून नीट जेवलेला नाही, आई. दुसऱ्या दिवसापासून घरात स्वयंपाक होतोय, मी वाढते, तो बसतो, दोन घास घेतो आणि हात धुतो. रडला नाही. विचारलं तर "बिल्कुल ठीक आहे," म्हणतो, ऑफिसात साहेबाला सांगावं तसं. मी तुमची युक्ती करून पाहिली. वरणात मीठच घातलं नाही. ऋचाने पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं. अविनाशने तसंच खाल्लं आणि उठला. दुसऱ्या दिवशी आमटीत. काही बोलला नाही. मी केलेल्याला तो गुण नाही, हे मला समजत होतं. ते बाहेरून यायला हवं होतं आणि बाहेरून कुणी आलं नव्हतं.

आणि अशात ती शोकसभा. मंडळाच्या हॉलमध्ये तुमचा मोठा फोटो, निशिगंधाचा हार, समई. एकेकाने उठून सांगितलं, काकू म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. एका बाईंनी तुमच्या पिठल्याची चव वर्णन केली, तीही चुकीची. तुम्ही लसूण घालायचात म्हणाल्या. मयताच्या पिठल्यात तुम्ही कधी लसूण घातलात? मग सबनीस उठले. त्यांनी जाहीर केलं की ह्या वर्षीपासून तुमच्या नावाने आदर्श सेविका पुरस्कार सुरू करायचा. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. टाळ्या झाल्या. अविनाश माझ्या शेजारी बसला होता, खप्पड झालेले गाल घेऊन, आणि ती सगळी त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. तेव्हाच मी उठत होते. त्याने मनगट धरलं. "जाऊ दे, नीलिमा," म्हणाला.

मी जाऊ दिलं. तेवढ्यापुरतं.

मग थोरातकाका गेले. तुमच्या जुन्या ब्लॉकमधले, नगरकडचे, आता इथे वसुंधरा भागात राहणारे. तुम्हाला त्यांची आई गेली तेव्हाचं आठवत असेल. मंडळातलं कुणीतरी म्हणालं होतं, "ते ख्रिश्चन ना? त्यांच्यात असतं का हे?" तुम्ही म्हणाला होतात, "त्यांच्यात भूक असते का ते विचारा," आणि चालू पडला होतात. ते थोरात. बरेच दिवस हॉस्पिटलात होते. सकाळी तुमचा फोन वाजला. मी तो अजून चार्जिंगला लावते, का ते विचारू नका. ग्रुपवर सबनीसांचा मेसेज. दुःखद निधन, दफनविधी दुपारी. पिठलं-भाताची व्यवस्था झाली आहे.

मी दोनदा वाचलं. मग त्यांना फोन लावला, तुमच्याच फोनवरून. त्यांनी उचलला आणि सवयीने म्हणाले, "हां काकू, बोला."

"मी नीलिमा," मी म्हटलं. "व्यवस्था कुणी केली?"

"कसली, वहिनी?"

"पिठलं-भाताची. तुम्ही लिहिलंय ना, झाली आहे."

"ती होतेच की नेहमी."

"कोण करतं नेहमी?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला. माणूस वाईट नाही. मला ऐकू येत होतं त्याला काय काय कळत चाललंय ते. "अरे," ते म्हणाले. "तो जुना मेसेज असतो, वहिनी. मी फक्त नाव बदलतो." आणि मग अगदी हळू, "म्हणजे काकू गेल्या त्या दिवशी तुमच्याकडे..."

"नाही."

"कुणीच?"

"समोरच्या त्यागी भाभींनी रोटी आणली."

"सगळ्यांना वाटलं असणार की आहे कुणीतरी."

"हो. सगळ्यांना वाटलं. वाटण्यात मंडळ पटाईत आहे."

मग जे म्हणाले त्याने मात्र माझी तार सटकली. म्हणाले, "वहिनी, आता आजच्यापुरतं तुम्हीच... म्हणजे काकूंच्या हाताचं वळण तुमच्याकडेच." बघा आई. तुमची राख अजून घरात आहे आणि ह्यांना दुसरी मिळाली.

"माझ्या घरी सुतक आहे, सबनीस," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मला सुतकाचा उपयोग झाला. "माझा हात चालणार नाही. घरात बेसन आहे?"

"असेल. ही तर मुलीकडे बंगलोरला गेलीय."

"उत्तम. फडक्यांना बोलवा. मी येते, दारात उभी राहीन."

फडके म्हणजे मंडळाचे खजिनदार, हिशेबात चोख आणि स्वयंपाकघरात कधी पाऊल न ठेवलेले. दोघे रिटायर्ड अधिकारी ओट्याशी उभे आणि मी दाराच्या चौकटीत हाताची घडी घालून. आई, तुम्हाला बघायला मिळायला हवं होतं. भात कसातरी झाला. मोहरी तडतडल्यावर फडके मागे सरले. आधण उकळलं तेव्हा मी सांगितलं, एकाने पीठ वैरायचं, एकाने हाटायचं, आणि हाटणाऱ्याने थांबायचं नाही. सबनीसांनी मूठभर बेसन एकदमच सोडलं. "हळू," मी ओरडले. "चिमटीचिमटीने." तोवर गुठळ्या झाल्या होत्या. फडके घामाघूम होऊन त्या पळीने ठेचत बसले. "बाहेरून काहीतरी चांगलं मागवू या का, वहिनी?" त्यांनी विचारलं. "हे असं नेणं बरं दिसेल?"

"न नेणं बरं दिसलं होतं का?" मी म्हटलं. फडके पुन्हा गुठळ्या ठेचू लागले. शेवटी सबनीसांनी चमचा हातात धरून विचारलं, "मीठ किती?"

"वाटतंय त्याच्या निम्मं."

"निम्मं का?"

"काकू तसंच घालायच्या. आणि डबा ठेवून पळायचं नाही, बसायचं. कुणी मीठ मागितलं की उठायचं."

सबनीस चमच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी अर्धं मीठ परत बरणीत टाकलं.

कुकर त्यांनी तुमच्या सोलापुरी चादरीत गुंडाळला, पिठलं तुमच्या स्टीलच्या डब्यात भरलं; दोन्ही मी घरून आणलं होतं. शिटी सबनीसांनी खिशात ठेवली.

थोरातांचं घर पहिल्या मजल्यावर. दफन करून सगळे नुकतेच परतले होते. थोरातबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुमच्यापेक्षा थोड्या लहान, केस सगळे पांढरे. सबनीसांनी कुकर त्यांच्यापुढे ठेवला आणि तसेच उभे राहिले. त्यांना काय बोलावं समजेना. मी म्हटलं, बोलायचं नसतं, बसा. बसले. बाईंनी चादर ओळखली. तिच्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"सुलभाताई गेल्या त्या दिवशी मी हॉस्पिटलात ह्यांच्यापाशी होते," त्या म्हणाल्या. "यायला जमलं नाही गं. पण मेसेज वाचला, व्यवस्था झाली आहे. म्हटलं, बरं झालं. कुणी नेलं होतं तुमच्याकडे?"

मी सबनीसांकडे पाहिलं. ते फरशीकडे बघत होते. खोटं बोलता आलं असतं. शहाणं माणूस बोललं असतं, त्या बाईंचा तो दिवस होता.

"कुणी नाही," मी म्हटलं.

त्या भिंतीचा आधार घेत उठल्या, स्वयंपाकघरातून ताटं आणली आणि त्यातलं एक माझ्यापुढे ठेवलं. "बस," म्हणाल्या.

"बाई, मला सुतक आहे अजून. आणि हे तुमच्यासाठी आणलंय."

"आमच्यात सुतक नसतं. आणि माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा सुलभाताईंनी मला विचारलं नव्हतं, आमच्यात काय असतं आणि काय नसतं ते. बस."

ज्या बाईचा नवरा दुपारी मातीत ठेवला होता, तिने मला वाढलं, आई. मग स्वतःला वाढून घेतलं आणि माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघी जेवलो. गुठळ्या होत्या. कोरड्या पिठाची चव मध्येच जिभेवर यायची. तुमच्यासाठी मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं, ताटावर, सगळ्यांसमोर. फडक्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. बाई थोड्या वेळाने म्हणाल्या, "अळणी आहे गं." सबनीस ताडकन उठले आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात मिठाचा डबा शोधायला गेले. बराच वेळ सापडेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना मंडळाचं काम करताना मी पाहिलं.

निघताना बाईंनी तुमचा डबा पुसला, त्यात पिठलं भरलं, वर भात दाबला. "हा अविनाशला," म्हणाल्या. "सांग, माझ्याकडून. उशीर झाला, पण माझ्याकडून."

सबनीस मला घरापर्यंत सोडायला आले. लिफ्टपाशी म्हणाले, "वहिनी, तो पुरस्कार राहू दे ना?" मी म्हटलं, "राहू दे. त्याऐवजी बेसन आणून ठेवा. आणि त्या मेसेजातली शेवटची ओळ आधी काढा. व्यवस्था झाल्यावर लिहा." मला अजून त्यांचा राग आहे, आणि तो इतक्यात जाणारही नाही. पुढच्या वेळी ते विसरतील. मी पुन्हा फोन करीन. तुमच्यासारखी कुकर घेऊन मी धावणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. मी दारात उभी राहीन आणि ओरडेन. तेवढं मला जमतं.

अविनाश टीव्ही बंद करून अंधारातच बसला होता. दिवा लावला, त्याच्यापुढे ताट ठेवलं, डबा उघडला. "थोरातबाईंनी दिलंय," मी म्हटलं. "तुझ्यासाठी." त्याने डब्याकडे पाहिलं, झाकणावर तुमचं नाव कोरलंय तिथे. मी समोर बसले आणि गप्प राहिले, तुम्ही बसायचात तशी. त्याने पहिला घास घेतला, गुठळी दाताखाली आली, चावली, गिळली. दुसरा घास. तिसरा. मी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे पाहत नव्हते, मुद्दाम. त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायला तो थांबला नाही, जेवतच राहिला.

मग हात ताटात तसाच ठेवून तो म्हणाला, "मीठ कमी आहे."

"मंडळाला सांगते," मी म्हटलं आणि मिठाची बरणी आणायला उठले.